तंबोरा लहान करताना

रागांचा इतिहास लिहिला गेला, घराण्यांचा लिहिला गेला, गायकांची चरित्रे तर उदंड झाली. वाद्यांच्या आकारमानाचा इतिहास मात्र कोणी फारसा मनावर घेतला नाही. पुरुष गायकाच्या आवाजाला लावलेला मिरजेचा तंबोरा उभा केला तर जवळजवळ पाच फूट भरतो. त्याच्या भोपळ्याचा घेर पन्नास इंचांच्या आसपास असतो, आणि हा भोपळा म्हणजे वाळलेल्या फळाची पातळ कवटी, पायाचा धक्का लागला तरी तडकणारी. अशी वस्तू गेली सव्वाशे वर्षे बैलगाडीतून, आगगाडीतून, नाटकमंडळ्यांच्या सामानातून, मोटारीच्या टपावरून आणि आता विमानातून हिंडते आहे. तिला घरच्या रियाजासाठी आणि प्रवासासाठी लहान पर्याय काढण्याचे प्रयत्न अनेकांनी केले. त्या प्रयत्नांत काय टिकले आणि काय सुटले, याचा थोडा मागोवा येथे घ्यावयाचा आहे. आम्ही गवई नव्हे. आयुष्य सरकारी कचेरीत गेले. पण बेळगावसारख्या गावात, मिरज आणि धारवाड यांच्या मधोमध राहणाऱ्या माणसाच्या कानावरून तंबोरा गेला नाही, असे सहसा होत नाही.

मोठ्या वाद्याची लहान, सरावापुरती आवृत्ती करणे ही कल्पना नवी नाही आणि केवळ आपलीही नाही. युरोपात चर्चमधील ऑर्गन हे वाद्य भिंतीएवढे. ते वाजवायचे तर भाते हलवणारा माणूस मागे उभा करावा लागे, आणि हिवाळ्यात चर्चमध्ये बोटे गारठत. म्हणून तिकडचे ऑर्गनवादक घरी क्लॅव्हिकॉर्ड नावाचे, टेबलावर मावणारे, अतिशय हळू आवाजाचे वाद्य ठेवत. काही जण त्याला पायाने दाबण्याच्या पट्ट्यांची दुसरी ओळ जोडून घेत, कारण ऑर्गन पायांनीही वाजवावा लागतो. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत व्हर्जिल नावाच्या संगीतशिक्षकाने पियानोच्या विद्यार्थ्यांसाठी चक्क मुका पियानो काढला. त्यात तारा नव्हत्या. पट्टी दाबली की टक् आणि सोडली की टक्, एवढाच आवाज. शेजाऱ्यांना त्रास नाही, आणि बोटांना मात्र पुरती शिक्षा.

या दोन्ही युक्त्यांमागचे गमक एकच. ऑर्गन किंवा पियानो शिकणाऱ्याने कमवायचे असते ते बोटांचे वळण. तेव्हा वळण ठेवले आणि नाद सोडून दिला तरी सरावाचे काम भागते. आपल्याकडे तबल्याचे विद्यार्थी मांडीवर किंवा लाकडी फळीवर बोल घोटतात, तेही याच न्यायाने.

तंबोऱ्याचे नेमके उलटे आहे. त्याला पडदे नाहीत, त्यावर सूर काढायचे नाहीत. चार तारा एकामागून एक छेडायच्या, एवढेच हाताचे काम, आणि ते चार दिवसांत येते. तंबोरा घेऊन बसणारा सराव करतो तो गळ्याचा आणि कानाचा. म्हणजे येथे हात गौण आणि नाद हेच सर्वस्व. लहान तंबोरा करताना जे सोडून देणे सर्वांत सोपे, तेच नेमके सोडता येत नाही. ही अडचण ज्यांनी ओळखली त्यांचे प्रयत्न बरे उतरले. ज्यांनी ओळखली नाही, त्यांनी सोयीची पेटी तेवढी दिली.

मुळात हे वाद्य एवढे मोठे का झाले, हे पाहण्यासाठी मिरजेस जावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मिरजेच्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब यांनी तंतुवाद्ये घडवण्यास आरंभ केला, अशी तेथील परंपरा सांगते. शिकलगार म्हणजे तलवारी, जंबिये यांना पाणी देणारे व धार लावणारे कारागीर. संस्थानांची लढाई संपली, हत्यारांना गिऱ्हाईक राहिले नाही, आणि पटवर्धनांच्या आश्रयाने तेच हात तंबोऱ्याच्या दांडीकडे वळले. मिरजेस त्या काळी गाण्याचा राबताही मोठा होता. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेस होते. विष्णु दिगंबर पलुसकर त्यांच्याकडे तेथेच शिकले आणि १८९६ साली तेथूनच बाहेर पडले. पुढे किराना घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेस स्थायिक झाले. उत्तम गिऱ्हाईक दारात असल्यावर कारागिराचा कान तयार होतो. मिरजेचा तंबोरा नावारूपाला आला त्याचे श्रेय जितके लाकडाला, तितकेच या शेजाराला द्यावे लागेल.

लाकूड तुणीचे. भोपळा मात्र पंढरपूर, मंगळवेढ्याकडच्या भीमाकाठचा. तो खाण्याचा नव्हे, कडू. वेलावरच पुरता जून होऊ द्यायचा, मग महिनोन्महिने वाळवायचा. विठोबाच्या मुलखातले फळ आणि मिरजेच्या मुसलमान कारागिराचा हात, यांतून हे वाद्य उभे राहते. आमच्या लहानपणी मोठ्या माणसांना यात वेगळे काही वाटत नसे.

आता आकाराविषयी. तारेचा स्वर तीन गोष्टींवर ठरतो: तिची लांबी, तिचा ताण आणि तिचे वजन. समजा, एखाद्या पुरुषी तंबोऱ्याची छेडली जाणारी तार एक मीटर आहे आणि तो काळी एकमध्ये लावला आहे. प्रवासासाठी म्हणून ती तार सत्तर सेंटिमीटरवर आणली आणि ताण तोच ठेवला, तर स्वर जवळजवळ तीव्र मध्यमाइतका चढतो. म्हणजे काळी एकचा षड्ज पांढरी पाचवर जाऊन बसतो. ही तर बायकांची पट्टी झाली. गायिकांचे तंबोरे आखूड का असतात, याचे उत्तर यातच आहे. तो काही नाजुकपणाचा प्रकार नव्हे, ते तारेचे गणित आहे.

बरे, स्वर काळी एकवरच ठेवायचा असेल तर ताण निम्म्यावर आणावा लागतो, कारण ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. निम्म्या ताणाची तार ढिली पडते. छेडल्याबरोबर तिचा स्वर किंचित वर जातो आणि मग ओघळत खाली येतो. ज्याच्यावर विसंबून गळा लावायचा, तोच हलतो आहे, अशी अवस्था होते. तिसरा उपाय तार जाड करण्याचा. ताण कमी न करता स्वर खाली ठेवायचा तर तारेचे वजन दुप्पट करावे लागेल, म्हणजे जाडी सुमारे दीडपट. जाड तार आखूड झाली की कांबीसारखी वागू लागते आणि तिचे उपस्वर एकमेकांशी नीट जुळत नाहीत. गिटारसारखी गुंडाळीची तार घ्यावी, तर गुंडाळीच्या खाचांमुळे घोडीच्या उतारावर तिचा स्पर्श सलग राहत नाही. थोडक्यात, लांबी कमी केली की कोठेतरी किंमत मोजावी लागते. ती कोठे मोजायची, एवढीच निवड कारागिराच्या हाती असते.

घोडीचा उल्लेख आला, तर जवारीबद्दल दोन शब्द अधिक लिहायला हवेत, कारण सगळे रहस्य तेथे आहे. पाश्चात्त्य तंतुवाद्यांत तार घोडीच्या धारदार कडेवर टेकते. तंबोऱ्याची घोडी रुंद असते आणि तिचा माथा अगदी थोडा उतरता घासलेला असतो. पूर्वी हा माथा हस्तिदंताचा किंवा शिंगाचा करीत. कायद्याने ते बंद झाल्यापासून हाड किंवा कृत्रिम पदार्थ वापरतात. या उतारावर, तारेखाली, सुताचा एक दोरा सरकवतात. दोरा केसभर पुढे-मागे केला की अचानक तार ‘उघडते’, आणि मघापर्यंत ठणठणणारी ती आता झंकारू लागते.

याची शास्त्रीय दखल चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी घेतली. १९२१ साली, म्हणजे नोबेल पारितोषिकाच्या नऊ वर्षे आधी, कलकत्त्यात असताना त्यांनी वीणा व तंबोरा यांवर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. तारेच्या ज्या बिंदूवर एखादा उपस्वर स्थिर असतो, नेमक्या त्या बिंदूवर तार छेडली तर तो उपस्वर उमटू नये, असा युरोपीय शास्त्राचा प्रस्थापित नियम होता. तंबोऱ्यावर हा नियम मोडतो, हे रामन यांनी दाखवले. तार कोठेही छेडा, सगळे उपस्वर भरभरून येतात, आणि याला कारण घोडीचा तो उतार व तो दोरा. ज्याला आपले गवई खर्जाच्या तारेतून ऐकू येणारा स्वयंभू गंधार म्हणतात, तो तारेचा पाचवा उपस्वर. ती कविकल्पना नव्हे, हे त्यामुळे प्रयोगशाळेतूनही मान्य झाले. मिरजेच्या कारागिराला अर्थातच त्यासाठी कलकत्त्याच्या दाखल्याची गरज नव्हती.

लहान तंबोऱ्यांचा आपल्याकडील पहिला अवतार कोणता, असे विचारले तर आम्ही वारकऱ्याच्या वीण्याकडे बोट दाखवू. दिंडीत वीणेकरी उभा असतो. वीणा गळ्यात, खांद्यावर तोललेला. तो चालत पंढरपूरला जातो, सप्ताहात रात्रभर खाली ठेवला जात नाही. चालता-चालता षड्ज कानात राहावा, हे त्याचे काम. आकार हाताच्या सोयीने ठरला, नादाची अपेक्षा त्या मानाने बेताची ठेवली, आणि उघड्या आभाळाखाली टाळ-मृदंगाच्या कल्लोळात यापेक्षा अधिक कशाची गरजही नव्हती. सतार-सरोदवाल्यांच्या साथीला असणारी तंबोरी हीही तशीच, दोन-तीन फुटांची आणि वरच्या पट्टीतली. परंतु खर्ज लावणाऱ्या पुरुष गायकाच्या रियाजाला यांतले काहीच उपयोगी पडत नव्हते.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सदर्न मराठा रेल्वेने मिरज, बेळगाव, धारवाड, हुबळी हा पट्टा जोडला आणि गवयांचे फिरणे वाढले. तरी त्या पिढीने तंबोरा लहान केला नाही. त्यांनी त्याला गवसणी घातली, जड पेटी केली, शिष्य बरोबर घेतले. शिष्याचे एक कामच ते होते. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या शेवटाची हकिकत सर्वांना ठाऊक आहे. १९३७च्या ऑक्टोबरात मद्रासहून पाँडिचेरीकडे जाताना त्यांना गाडीत अस्वस्थ वाटू लागले. सिंगपेरुमल कोईल या छोट्या स्थानकावर ते उतरले, फलाटावर तंबोरा जुळवून घेतला, गायले, आणि तेथेच त्यांनी देह ठेवला, असे सांगतात. या हकिकतीचा भावपूर्ण भाग पुष्कळांनी लिहिला आहे. आमच्यासारख्या कारकुनी मनाला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. अर्ध्या प्रवासात, अनोळखी स्थानकावर, खाँसाहेबांजवळ जुळवता येण्याजोगा तंबोरा होता. तंबोऱ्याची दुरुस्ती आणि जवारी यांत ते स्वतः निष्णात होते. त्यांच्या लेखी तंबोरा सामानात धरण्याची वस्तू नसावी, अंगावरच्या कपड्यात धरण्याची असावी.

सर्वांना हे परवडणारे नव्हते. शाळेत पंचवीस मुले गायला बसवायची, चाळीच्या एका खोलीत मुलीला शिकवायचे, तर पाच फुटी तंबोरा कोठे ठेवणार आणि रोज जुळवणार कोण? या प्रश्नाला त्या काळाने दिलेले उत्तर म्हणजे पेटी. फ्रान्समध्ये १८४०च्या दशकात दबँ याने आकाराला आणलेले हार्मोनियम पायाने भाता मारण्याचे, टेबलाएवढे होते. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थांशात त्याला हातभाता लावून मांडीशेजारी बसवले. मोठ्या वाद्याला लहान करण्याचे एवढे यशस्वी उदाहरण आपल्या देशात दुसरे नाही. मराठी रंगभूमीने पायपेटीही ठेवली आणि हातपेटीही घेतली. हातपेटीच्या पट्ट्या काढून नुसता भाता आणि दोन-तीन सूर ठेवले की सूरपेटी झाली. ती पिशवीत मावते, भिजली नाही तर बिघडत नाही आणि जुळवावी लागत नाही.

पेटीवर आक्षेपही जोरदार आले. तिचे सूर आपल्या श्रुतींशी जुळत नाहीत, हा मुख्य. येथे कृष्णाजी बल्लाळ देवल यांचे स्मरण केल्यावाचून राहवत नाही. हे गृहस्थ निवृत्त डेप्युटी कलेक्टर. पेन्शनीत बसल्यावर त्यांनी बावीस श्रुतींचे गणित मांडण्याचा ध्यास घेतला, अब्दुल करीम खाँसाहेबांकडून सूर गाऊन घेऊन ते मोजले आणि १९१० साली त्यावर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. सिव्हिल सर्व्हिसमधील क्लेमेंट्ससाहेब त्यांना येऊन मिळाले, आणि दोघांच्या खटपटीतून श्रुती-हार्मोनियम तयार झाले. १९१६ साली बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखाली भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत त्याची चर्चा झाली. ते वाद्य रूढ झाले नाही. निवृत्तीनंतर सरकारी माणसाने काय करावे याचा मात्र चांगला कित्ता त्यांनी घालून दिला, आणि आमच्या ओळखीच्या पेन्शनरांपैकी तो कोणी गिरवलेला नाही. आकाशवाणीने तर १९४० साली हार्मोनियमवर बंदीच घातली. ती तीस वर्षांहून अधिक टिकली.

सूरपेटीचा दोष श्रुतींचा नव्हे, असे आम्हांस वाटते. षड्ज-पंचम तर ती बरोबर देऊ शकते. दोष असा की, तिचा सूर भिंतीसारखा सपाट उभा राहतो. तंबोऱ्याची तार छेडल्यावर नाद फुलतो, उपस्वर एकेक करून पुढे येतात आणि मागे सरतात, आणि गाणाऱ्याचा सूर त्यांत कोठे बसतो हे त्याला आतून कळते. सपाट सुराशी गळा जुळला की काम संपते. तंबोऱ्याशी जुळला की तेथून सुरू होते.

१९७९ साली बंगळूरचे अभियंता व बासरीवादक जी. राज नारायण यांनी आपला रॅडेल हा उद्योग सुरू केला आणि विजेवर चालणारा तंबोरा बाजारात आणला. विद्युत्-मंडलातून चार तारांचे चार सूर एकामागून एक निघत, प्रत्येक सूर छेडल्यासारखा उमटे आणि विरत जाई. एका गुंडीने पट्टी, दुसऱ्या गुंडीने लय, तिसऱ्याने आवाज. पंचम हवा की मध्यम, हे ठरवायला कळ. डब्याचा आकार जाडजूड शब्दकोशाएवढा. सुरुवातीच्या यंत्रांचा नाद पातळ, थोडा नाकातला होता. पुढे खऱ्या तंबोऱ्याचा ध्वनी मुद्रित करून तोच यंत्रातून फिरवण्याची सोय झाली आणि फरक पुष्कळ कमी झाला. आज तर तोही डबा मागे पडून मोबाइलमधील ॲपवर लाखो लोकांचा रियाज चालतो.

या डब्याला नाके मुरडणारे पुष्कळ भेटतात. आम्ही त्यांच्यात नाही. नोकरीत असताना आमच्या बदल्या होत आणि दर बदलीला ट्रकमध्ये घरातला तंबोरा गाद्यांच्या घडीत बसवून न्यावा लागे. सौभाग्यवतींचे गाण्याचे शिक्षण लग्नाआधी बरेच झालेले. नव्या गावी क्वार्टरच्या दोन खोल्या, लहान मुले, कचेरीची वेळ. खुंट्या पावसाळ्यात फुगायच्या, उन्हाळ्यात सुटायच्या, आणि जवारी काढून देणारा माणूस मिरजेशिवाय मिळायचा नाही. अशी दोन वर्षे गेली की तंबोरा गवसणीतच राहतो. त्या वर्षांत घरी विजेचा डबा आला आणि पहाटे पुन्हा सूर ऐकू येऊ लागले. गवसणीतल्या उत्तम तंबोऱ्यापेक्षा वाजणारा मध्यम डबा बरा, हे आमचे मत तेव्हापासूनचे आहे. सरकारी, बँकेच्या, रेल्वेच्या नोकरदारांच्या घरांतून, दूरदेशी गेलेल्या मुलींच्या घरांतून गाणे टिकले असेल तर त्यात या डब्याचा वाटा मोठा आहे. आणि वाईट जुळलेला तंबोरा समोर ठेवून गाण्यापेक्षा डबा शतपट चांगला, हे तर कोणीही जाणता गवई कबूल करील.

पण एक गोष्ट त्यात सुटली. वर म्हटले की तंबोऱ्यावर हाताचे काम जवळजवळ नाही. एक अपवाद आहे, तो म्हणजे जुळवणे. खुंटी पिळून सूर जवळ आणायचा, मग घोडीखालचा मणी रेसभर सरकवून तो नेमका करायचा, मग दोरा. पंचम षड्जात मिसळला की नाही, जोडीच्या दोन तारा एक झाल्या की नाही, खर्जातून गंधार बोलतो की नाही, याचा निवाडा दर वेळी कानाला करावा लागतो. जुन्या गुरूंकडे शिष्याला महिनोन्महिने तंबोरा जुळवायलाच बसवीत, यामागे केवळ सेवा करून घेण्याचा हेतू नव्हता. आमच्याच जिल्ह्यातील सुळेभावीला जन्मलेले आणि पुढे देवासला स्थायिक झालेले कुमार गंधर्व यांचा तंबोरे जुळवण्याबाबतचा आग्रह प्रसिद्धच आहे. विजेच्या डब्यात पंचम कारखान्यातूनच बरोबर लागून येतो. शिकणाऱ्याला पट्टी तेवढी निवडायची. म्हणजे सरावासाठी म्हणून जे यंत्र केले, त्याने सरावाचा पहिला धडाच स्वतःकडे घेतला. व्हर्जिलच्या मुक्या पियानोने बोटांचे काम ठेवून नाद काढून घेतला होता. येथे नाद ठेवून काम काढून घेतले गेले. दहा-दहा वर्षे गाणे शिकलेली, परीक्षा दिलेली मुले आज तंबोरा हाती दिला तर जुळवून घेऊ शकत नाहीत, हे कोणत्याही संगीत सभेत पाहावयास मिळते. आयोजकांना तंबोरा जुळवणारा माणूस वेगळा शोधावा लागतो.

म्हणूनच मिरजेतून अलीकडे निघणारा प्रवासी तंबोरा आम्हांस महत्त्वाचा वाटतो. भोपळ्याऐवजी उथळ लाकडी पेटी, पाठ सपाट. लांबी तीन फुटांच्या आसपास. लाकडी खुंट्यांच्या जागी गिटारसारख्या दातेरी चाव्या, म्हणजे प्रवासात तारा उतरत नाहीत. काहींना ध्वनिवर्धकाला जोडण्याची सोय. पण तारा खऱ्या, मणी खरे, घोडी खरी आणि दोराही खरा. जुळवण्याचे काम शाबूत.

आता प्रश्न नादाचा. एवढ्याशा पेटीतून पुरुषी खर्ज कसा निघावा? येथे मनुष्याच्या कानाची एक खोड कारागिराच्या मदतीला येते. मूळ स्वर क्षीण असला, पण त्याचे वरचे उपस्वर भरपूर आणि एकमेकांच्या योग्य नात्यात असले, तर कान त्या नात्यावरून मूळ स्वर आपणच भरून काढतो. लहानशा रेडिओतून आपल्याला पुरुषाचा भारदस्त आवाज ओळखू येतो, तो याच कारणाने. पेटी लहान असल्याने खर्जाचा मूळ स्वर ती जोराने बाहेर टाकू शकत नाही. परंतु जवारी उत्तम असेल तर उपस्वरांची रांग पुरी येते आणि खर्ज ऐकू येतो. जवारी कच्ची असेल तर मात्र काडेपेटीला तारा लावल्यासारखा आवाज होतो. भोपळ्याला पर्याय आहे, घोडीला नाही, असा याचा अर्थ. लहान तंबोरा विकत घेणाऱ्याने नक्षी पाहू नये, पेटीचे लाकूडही नंतर पाहावे. पहिल्याने दोरा सरकवून तार उघडते का ते ऐकावे. तारेच्या ताणाचा प्रश्न उरतोच. तो पुरता सुटलेला नाही आणि सुटण्यासारखाही नाही. चांगले कारागीर तारेची जाडी थोडी वाढवून, ताण थोडा उतरवून मधला मार्ग काढतात. काळी एकच्या खाली गाणाऱ्याने या वाद्याकडून फार अपेक्षा ठेवू नये, हे स्पष्ट सांगितलेले बरे.

घोडी घासण्याचे हे काम आजही कानसेने हातानेच होते. घासायचे, तार चढवायची, ऐकायचे, उतरवायची, पुन्हा घासायचे. त्याचे माप कोणत्याही कागदावर नाही. मोठ्या तंबोऱ्याची मागणी घटत गेली की ते शिकणारे हातही घटतात, आणि मग लहान तंबोऱ्याला घोडी कोण घासून देणार? विजेच्या डब्यात ज्याचा ध्वनी भरला आहे, तो तंबोराही अखेर कोणीतरी असाच घासलेला असतो.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. दर्ग्याच्या परिसरात, जेथे अब्दुल करीम खाँसाहेबांना दफन केले आहे, तेथे उरुसाला आजही गवई हजेरी लावतात. तेथून जवळच सतारमेकर गल्लीत दुकानांच्या भिंतींना पाच फुटी तंबोरे ओळीने टांगलेले असतात, आणि त्यांच्या खाली, आता सहज विकले जातात म्हणून दाराजवळ मांडलेले, ते सपाट पाठीचे लहान तंबोरे. दोन्हींच्या घोड्या घासतो तो बहुधा एकच म्हातारा असतो, आणि बेळगावहून मिरज आगगाडीने तीन-चार तासांवर आहे.